लीलाबाईचा साफ फोटो

रामकिसनच्या नजरेतून खोट सुटत नसे. हे तो स्वतःहून कधी सांगत नसे, पण दुसरं कोणी सांगायला लागलं तर त्याला अडवतही नसे. वाळूजच्या एमआयडीसीत दुचाकीचे ब्रेक ड्रम ओतणाऱ्या एका कंपनीत त्यानं एकतीस वर्षं काढली, त्यातली बावीस तपासणीच्या टेबलावर. ट्यूबलाइटखाली ड्रम फिरवायचा, लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचा, आवाज ऐकायचा, आणि केसाएवढी चीर दिसली तरी लाल ठिपका मारून रिजेक्शनच्या पेटीत टाकायचा. चांगल्या मालावर हिरवा ठिपका. बाहेरून मोठे साहेब आले की मॅनेजर त्यांना मुद्दाम रामकिसनच्या टेबलापाशी आणून उभं करायचा, आणि त्या दिवशी रामकिसन घरी जरा हळूहळू चालत यायचा, म्हणजे वाटेत दोन माणसं भेटावीत.

रिटायर झाल्यावर ही नजर ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. त्यानं ती घरात ठेवली. भाकरीची कड फाटली की म्हणायचा, "ही रिजेक्ट." लीलाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "तुमची कंपनी गेटाच्या बाहेर ठिवून येत जा. आन् माझ्यात काय खोट हाय ती बी सांगून टाका एकदाची."

"तुला ओके मारलाय कवाच. लग्नातच."

यावर ती हसायची. लग्नात त्यानं तिच्याकडं मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं, हे लासूर स्टेशनपासून रांजणगावापर्यंत दोन्ही घरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

ही लीलाबाई गेल्या जानेवारीत गेली. पोटात गाठ होती. दिवाळीनंतर जेवण जाईना म्हणून दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, आणि तीन महिन्यांत सगळं आटोपलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "किती दिवसांपासून दुखतंय?" लीलाबाई म्हणाली, "झालं असंल महिनाभर." डॉक्टरांनी रामकिसनकडं पाहिलं. रामकिसन छातीवर हात ठेवून म्हणाला, "व्हय साहेब, महिनाच. त्याच्या आधी कायबी नव्हतं." पुढं रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले, ही गाठ दीड-दोन वर्षांची तरी असणार, तेव्हा आला असतात तर मी वेगळं बोललो असतो.

ते वाक्य रामकिसनच्या मनात रुतून बसलं. पण त्यानं त्यावर एक उपाय शोधला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "काय लक्षणच नव्हतं बघा. असतं तर माझ्या नजरंतून सुटलं असतं का?" लोक म्हणायचे, खरं आहे, नसतंच सुटलं. आणि तेवढ्यावर त्याचा तो दिवस निभावायचा.

आता वर्षाचा स्मृतिदिन पंधरा दिवसांवर आला होता. भंतेजींना सांगून झालं होतं, वंदनेनंतरचं भोजन ठरलं होतं, कॉलनीतल्या महिला मंडळाच्या बायका गाणी म्हणणार होत्या. पांढऱ्या कापडावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेच्या बाजूला ठेवायला फक्त लीलाबाईचा फोटो नव्हता.

फोटो नव्हता म्हणजे अगदीच नव्हता असं नाही. पण फ्लॅश पडला की ही बाई डोळे मिटायची. लेकीच्या, रत्नमालाच्या, लग्नाच्या अल्बममध्ये लीलाबाई सतरा ठिकाणी आहे आणि सतराही ठिकाणी झोपलेली आहे. आधार कार्डावरचा चेहरा पाहून ती स्वतःच म्हणाली होती, ही बाई कुणाची तरी कोंबडी चोरून आली वाटतं. आणि शेवटच्या दोन महिन्यांतले मोबाइलमधले फोटो कुणालाच बघवत नव्हते. रामकिसनला त्यातलं काहीच नको होतं. त्याला गाणारी लीलाबाई हवी होती.

गाणारी लीलाबाई एकाच ठिकाणी होती, यूट्यूबवर. तीन वर्षांपूर्वी रमाई जयंतीला कॉलनीतल्या विहारापुढं मांडव घातला होता. त्यात तिनं स्वतः जुळवलेली दोन गाणी म्हटली होती. कॉलनीतल्याच संघपालनं त्याचं शूटिंग करून आपल्या चॅनेलवर टाकलं होतं. तेरा मिनिटांचा तो व्हिडिओ आठशेबत्तीस वेळा पाहिला गेला होता, आणि त्यातले निम्मे तरी एकट्या रामकिसनचे असावेत. रोज सकाळी सहा वाजता, पहिल्या शिफ्टच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले, की तो चहाचा कप घेऊन ओट्याजवळ बसायचा आणि लीलाबाईच्याच मोबाइलवर तो व्हिडिओ लावायचा. त्याचा स्वतःचा मोबाइल बटणांचा होता.

आवाज स्वच्छ यायचा. "दिवा बारीक केला तरी चालंल, वही मिटू नको बाळा," ही तिची ओळ आली की रामकिसनचा चहा हातातच राहायचा. पण चित्र मात्र काही केल्या लागत नव्हतं. पांढऱ्या साडीचा एक ठिपका, निळ्या काठाची एक रेघ, आणि चेहरा म्हणजे ओल्या पिठावरून कुणी बोट फिरवलेलं. नाक कुठं संपतं आणि ओठ कुठं सुरू होतात ते कळत नव्हतं. पहिलं गाणं संपलं की टाळ्या, आणि टाळ्यांच्या वर एक घोगरा आवाज, "वन्समोअर! वन्समोअर!" तो आवाज रामकिसनचा. तो पहिल्या रांगेत बसला होता. त्या एका आरोळीसाठी तिनं दुसरं गाणं म्हटलं होतं. सगळ्या व्हिडिओत त्याला अभिमान वाटावा अशी ती जागा होती आणि तो रोज तिची वाट बघायचा.

चित्र दिसेना म्हणून त्यानं आधी स्वतःचे डोळे तपासून घेतले. नवा चष्मा आला. रस्त्यावरच्या पाट्या साफ दिसायला लागल्या, पण लीलाबाई होती तशीच. मग त्यानं निकाल दिला की खोट शूटिंगमध्ये आहे.

एकदा निकाल दिला की तो पेटीत टाकल्याशिवाय रामकिसनला चैन पडत नसे. चौकातल्या चहाच्या टपरीवर, चार माणसांत, त्यानं संघपालला गाठलं. "कसलं शूटिंग केलंय रे तू? बाईला नाक-डोळे हायेत का नाय? आमच्या कंपनीत असतास तर लाल ठिपका मारून पेटीत टाकला असता तुला."

संघपाल चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, लग्नाच्या शूटिंगवर घर चालवणारा माणूस. त्याचा चेहरा पडला. "काका, व्हिडिओ चांगला हाय," तो एवढंच म्हणाला.

"मला शिकवू नको चांगलं काय आन् वाईट काय," रामकिसन म्हणाला. त्यानंतर दहा महिने दोघं एकमेकांना जयभीमही घालत नव्हते. संघपाल समोरून आला की रामकिसनला पलीकडच्या दुकानात काहीतरी काम निघायचं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे या माणसाची चूक किती मोठी ते कळेल. कंपनीत नवा असताना रामकिसननं एकदा एका शिफ्टमध्ये चारशे ड्रम नापास केले होते. भोकाचं माप चुकलंय, असं त्याचं माप घ्यायचं गेज सांगत होतं, आणि रामकिसन छाती फुगवून लाल ठिपके मारत होता. सुपरवायझर आला, त्यानं कपाटातून मखमलीच्या डबीतला मास्टर पीस काढला, म्हणजे ज्याच्या मापाबद्दल शंकाच घ्यायची नाही असा नग, आणि त्यावर ते गेज लावून पाहिलं. गेजच झिजलं होतं. चारशे ड्रम चांगले होते. त्या दिवसापासून रामकिसननं नेम केला, शिफ्ट सुरू झाली की आधी गेज तपासायचं, मग माल हातात घ्यायचा. नव्या माणसांना तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा आणि विसरणाऱ्याला चारचौघांत झापायचा. तोच माणूस वर्षभर चष्मा बदलत राहिला, संघपालला शिव्या घालत राहिला, पण ज्या मोबाइलवर बघत होता तो तपासून पाहावा असं त्याच्या मनात आलं नाही. तो मोबाइल लीलाबाईचा होता ना. तिच्या वस्तूत खोट असेल हे त्याला सुचलंच नाही.

रत्नमाला शेंद्र्याला राहते. आठवड्यातून एकदा चक्कर टाकते. त्या रविवारी ती आली ती मोबाइल पुढं धरतच. "पप्पा, बघा. मागच्या खेपेला आईच्या मोबाइलवरनं व्हिडिओतला तिचा फोटो काढून नेला होता, तो मी एका ॲपमदी टाकला. एकदम साफ करून दिला त्यानं."

रामकिसननं चष्मा लावून पाहिलं. पांढऱ्या साडीतली एक बाई होती. गाल गुळगुळीत, दात सगळे सारखे, डोळे टपोरे. बातम्या द्यायला बसवावी अशी.

"ही कोण हाय?"

"पप्पा, असं काय करता. आई हाय ना."

"तुझी आई अशी नव्हती. हिला आपल्या घरात कशाला बसवायची?" तो म्हणाला. रत्नमाला रडायला लागली, कारण तिलाही ते कळत होतं. मग डोळे पुसून म्हणाली, "मंग संघपालदादाकडं जा तुम्ही. त्याच्याकडं मूळ शूटिंग असंल. भांडण काय आईपेक्षा मोठं हाय का?"

सोमवारी सकाळी रामकिसन संघपालच्या दुकानात गेला. दारातच उभा राहून त्यानं जयभीम घातला. संघपालनं मान वर केली, दहा महिन्यांचा हिशेब एका क्षणात त्याच्या तोंडावर येऊन गेला, आणि मग तो उठून खुर्ची पुढं सरकवत म्हणाला, "जयभीम काका. बसा. चहा सांगू?"

काम ऐकून तो हळहळला. ज्या डिस्कवर मूळ शूटिंग होतं ती मागच्या पावसाळ्यात बंद पडली होती. तिच्याबरोबर अकरा लग्नं गेली होती आणि त्यातले तीन नवरदेव अजून त्याच्या मागावर होते. "आता जे हाय ते यूट्यूबवरच हाय काका."

"ते मी रोज बघतो. त्याच्यात काय नाय."

"थांबा तर."

संघपालनं कॉम्प्युटरवर आपलं चॅनेल उघडलं, व्हिडिओ लावला आणि खुर्ची बाजूला केली.

रामकिसन उठून उभाच राहिला. समोर लीलाबाई होती. हनुवटीवरचा तीळ होता. भांगाजवळ पांढरे झालेले केस होते. पुढच्या दाताचा टवका, लेकीच्या बारशाला सुपारी फोडताना गेलेला, तोही होता. साडीच्या निळ्या काठावरचे टाके मोजता आले असते. ती गात होती आणि गाताना तिची डावी भुवई जराशी वर जात होती. ही भुवई तो विसरून गेला होता. वर्षभरात विसरलो, हे कळून त्याला भरून आलं आणि दुकानात, परक्या माणसापुढं, तो लेकरासारखा रडला.

थोड्या वेळानं नाक पुसून तो म्हणाला, "तू नवीन टाकला का रे हा?"

"तोच हाय काका. तीन वर्षं झाली, हात बी लावला नाय. तुम्ही बघता तो मोबाइल द्या बघू."

संघपालनं लीलाबाईच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ लावला, कोपऱ्यातल्या दातेरी चाकाच्या खुणेवर बोट ठेवलं आणि स्क्रीन रामकिसनपुढं धरली. "हे बघा. डेटा सेव्हर लावून ठिवलाय. एकशे चव्वेचाळीसवर चालतोय. ह्याच्यापेक्षा खाली जातच नाय. इथनं वर केलं की साफ दिसतंय. कुणी केलं असं?"

कुणी केलं ते रामकिसनला विचारायची गरज नव्हती. रोजच्या दीड जीबीत लीलाबाईचा दिवस बसायला लागायचा. स्वयंपाक करताना, भांडी घासताना, तिची गाणी चालू असायची. मोबाइल फळीवर उपडा ठेवलेला. "गाणं ऐकायला चेहरा कशाला लागतोय?" असं ती म्हणायची. आणि संध्याकाळी रामकिसन कुस्त्या बघायला बसला की ती मोबाइल हातात घ्यायची, दोन-तीनदा कुठंतरी बोट लावायची आणि मग त्याला द्यायची. पैलवानाच्या अंगावरची माती दिसायची इतकं साफ चित्र यायचं. ती काय करते ते त्यानं कधी विचारलं नाही. दिवसभर स्वतः अंधूक चालवून तिनं त्याच्या कुस्त्यांपुरतं वाचवून ठेवलेलं असायचं. ती गेल्यापासून त्यानं कुस्त्या लावल्याच नव्हत्या, त्यामुळं तेही कळलं नव्हतं.

"वर करून देऊ का?" संघपालनं विचारलं.

"नको. तिनं ठिवलंय तसं राहू दे." मग तो म्हणाला, "संघपाल, गेज न तपासताच मी तुला नापास केला बाबा. चारचौघांत बोललो. चुकलो मी."

"जाऊ द्या काका. फोटो काढू आपण. बोला, कुठला काढायचा? पाहिजे तिथं थांबवतो."

आता नजर कामाला लागली. रामकिसननं खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. आधी सगळा व्हिडिओ एकदा पाहायचा, मग नग निवडायचा, ही त्याची पद्धत. पहिल्या खेपेला तो फक्त लीलाबाईला पाहत होता. दुसऱ्या खेपेला तपासणीवाला जागा झाला.

उजव्या हातात माइक होता. डावा हात पदराखाली होता. रामकिसनला वाटलं, पदर सावरलाय. कडवं संपलं, मागच्या बायकांनी ध्रुवपद धरलं, आणि त्या तेवढ्या वेळात लीलाबाईनं डोळे मिटले. ओठ एकमेकांवर घट्ट दाबले. पदराखालचा हात बरगडीच्या खाली आत रुतला, इतका की साडीला तिथं खळगा पडला. मग तिची ओळ आली. तिनं डोळे उघडले, भुवई वर गेली, आणि ती गायला लागली.

"जरा मागं घे," रामकिसन म्हणाला.

संघपालनं मागं घेतलं.

"अजून एकदा. हळू चालव."

हळू चालवल्यावर आणखी साफ दिसलं. प्रत्येक कडव्यानंतर तेच. डोळे मिटायचे, ओठ दाबायचे, हात त्याच जागी. ती जागा रामकिसनला पाठ होती. त्याच जागेवर डॉक्टरांनी बोट ठेवून सांगितलं होतं, इथं आहे.

ती तिथं फेब्रुवारीत गात होती. दवाखान्यात नेलं ते पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर. मधले वीस महिने त्यानं बोटांवर मोजले आणि मूठ मिटून घेतली.

"काका, पाणी देऊ का?"

"चालू दे."

पहिलं गाणं संपलं. टाळ्या झाल्या. लीलाबाईनं माइक खाली घेतला. मांडवाच्या खांबाला हात लावला आणि खाली उतरायला एक पाय पुढं टाकला. ती संपवून निघाली होती. हे त्या अंधूक चित्रात कधी दिसलंच नव्हतं. तेवढ्यात तो आवाज आला, "वन्समोअर! वन्समोअर!" तिनं वळून पाहिलं. पहिल्या रांगेकडं. तिच्या चेहऱ्यावर आधी एक थकवा आला, अगदी डोळ्याचं पातं लवेल एवढाच. मग तिला आरोळी देणारा माणूस दिसला आणि ती हसली. टवका उडालेल्या दातासकट. तशीच हसत तिनं पुढं टाकलेला पाय मागं घेतला, डावा हात पुन्हा पदराखाली नेला, माइक तोंडाशी धरला आणि दुसरं गाणं सुरू केलं. ते सहा मिनिटांचं होतं.

रामकिसनला तो दिवस आठवला. शेजारी बसलेल्या माणसाला त्यानं कोपर मारून सांगितलं होतं, "बघा, कशी डोळे मिटून रंगलीय." घरी आल्यावर ती म्हणाली होती, भूक नाय, तिथं खीर खाल्ली ना. आणि तिच्या वाटची खीर डब्यात होती ती त्यानं खाल्ली होती. गोड झाली नव्हती म्हणून खिरीला नावं ठेवली होती.

त्या दिवशी मध्ये कुठला मोबाइल नव्हता. दहा हातांवर ती उभी होती, मांडवात हॅलोजन लागलेले होते, त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. केसाएवढी चीर पकडणारा माणूस पहिल्या रांगेत बसून तिच्याकडंच बघत होता आणि त्यानं हिरवा ठिपका मारला. वर्षभर तो लोकांना सांगत होता, लक्षणच नव्हतं. लक्षण होतं. त्याच्यासमोर तेरा मिनिटं उभं राहून गात होतं. रामकिसनला हे सगळं एकदम कळलं आणि त्याला वाटलं, आपण इथून उठूच नये, कारण उठलं की घरी जावं लागेल.

संघपालला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो कामाचा माणूस. त्यानं ती हसण्याची जागा नेमकी पकडून चित्र थांबवलं. "काका, हा बघा. ह्याच्यापेक्षा चांगला नाय मिळायचा. काकू कसल्या भारी हसल्यात. फक्त खालून छाटावं लागंल. हा पदरातला हात मधीच आलाय, नीट दिसत नाय. खांद्यापासून वर घेतो."

"छाटू नको."

"अहो, फोटोला बरं दिसणार नाय."

"हात राहू दे," रामकिसन म्हणाला. "माझ्याकडून एकदा सुटलाय. आता तू नको कापू."

संघपालनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं हातासकट फोटो घेतला.

रामकिसनला चालत घरी यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. वाटेत दोघं-तिघं भेटले, त्यांच्याशी तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाड्यांचे हॉर्न वाजले. त्यानं चहा केला, ओट्याजवळ बसून व्हिडिओ लावला. चित्र तसंच होतं, पिठावर बोट फिरवल्यासारखं. पण आता उपयोग नव्हता. प्रत्येक कडव्यानंतर त्या अंधूक ठिपक्यात काय चाललंय ते त्याला दिसत होतं. 'वन्समोअर'च्या आधी त्यानं व्हिडिओ बंद केला. पुढचे तेरा दिवसही तिथंच बंद केला.

स्मृतिदिनाला घर भरलं. भंतेजींनी वंदना घेतली, मंडळाच्या बायकांनी लीलाबाईची गाणी म्हटली. "वही मिटू नको बाळा" या ओळीला रत्नमालानं तोंडात पदर धरला. फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवला होता, पुढं मेणबत्ती आणि मोगऱ्याची फुलं. येणारा प्रत्येक जण फोटोपुढं थांबत होता आणि म्हणत होता, अगदी बोलतेय असं वाटतंय. नात्यातल्या एका बाईनं रामकिसनची समजूत घालायला सुरुवात केली, "काय करता भाऊ, काय लक्षण तरी दिसाया पाहिजे ना माणसाला." एरवी हे वाक्य रामकिसननंच सुरू करून दिलं असतं. आज तो फुलं नीट करत बसला.

जेवणं उरकल्यावर मंडळाच्या आशाबाई फोटोजवळ आल्या. लीलाबाईच्या मागं उभं राहून त्या दिवशी ध्रुवपद धरणाऱ्या बायकांतल्या त्या एक. बराच वेळ त्यांनी फोटोकडं पाहिलं.

"रमाई जयंतीचा हाय ना हा? कशी हसलीय बघा माय. त्या दिवशी एकच गाणं म्हणणार म्हणून सांगितलं होतं तिनं आम्हाला. आज दुसरं नको म्हणली होती. मंग कुणीतरी वन्समोअर दिला आन् उतरता उतरता थांबली." आशाबाई रामकिसनकडं वळल्या. "तुम्हीच होता ना भाऊ ते?"

"व्हय," रामकिसन म्हणाला. "मीच होतो. पहिल्याच रांगंत बसलो होतो."